पहिलं सेमिस्टर कसं काढायचं, माझं मलाच सांगणं

हे मी मलाच लिहितेय, म्हणजे गेल्या वर्षी खानापूर स्टँडवर सकाळी साडेसहाला नवी बॅग पोटाशी धरून उभी होती त्या मला. पण तुमच्या घरातलं कोण यंदा बेळगावला इंजिनिअरिंगला लागलं असेल तर त्यांनी पण वाचा, कारण मला हे सांगणारं कोण नव्हतं, आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मीच पहिली, पप्पा विटांच्या भट्टीवर कामाला आणि आईला सीईटी आणि सेमिस्टर यातला फरक मीच समजावून सांगितलेला.

तर ऐक. पहिल्या आठवड्यात सर फळ्यावर भराभरा लिहून वळून विचारतील, एनी डाउट्स? आणि सगळा वर्ग गप्प बसेल. तुला वाटेल की सगळ्यांना कळलंय, फक्त तुलाच कळलं नाही, कारण तू दहावीपर्यंत मराठी मिडियमची, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, दोन वर्षं इंग्लिशमधे काढलीस तरी अजून डोक्यात आधी मराठीच येतं. तसं काही नसतंय गं. माझ्या शेजारी बेळगावातल्या मोठ्या इंग्लिश शाळेतली मुलगी बसायची, नोव्हेंबरात तिनं मला सांगितलं की तिला पण त्या दिवशी ओ की ठो कळलं नव्हतं आणि मी शांत दिसत होते म्हणून तिला वाटलं मला सगळं येतंय. म्हणजे दोन महिने आम्ही दोघी एकमेकींकडं बघून गप्प बसलो. तेवढ्यात दोन मॉड्यूल, म्हणजे सिलॅबसचे दोन भाग, झाले. म्हणून तास संपल्यावर सर दारातून बाहेर पडायच्या आधी जा आणि विचार. इंग्लिश जमत नसेल तर वहीतल्या ओळीवर बोट ठेव आणि म्हण, सर धिस स्टेप. दोन शब्द पुरतात. बेळगावात निम्म्या सरांना मराठी कळतं, ते स्वतःहून मराठीत सांगतात, पण आधी तू तोंड उघडायला पाहिजेस.

दुसरं, एक दोनशे पानी वही घे आणि मधे उभी रेघ मारून दोन रकाने कर. डावीकडं इंग्लिश शब्द, उजवीकडं आपला. व्हेरिएबल म्हणजे चल, कोइफिशियंट म्हणजे सहगुणक, डिसप्लेसमेंट म्हणजे विस्थापन. जिथं मराठी शब्द माहीत नाही तिथं डोळ्यासमोर येईल ते लिही. मॅथ्सच्या पहिल्याच मॉड्यूलमधे कर्व्हेचर येतं, रेडिअस ऑफ कर्व्हेचरचा फॉर्म्युला बघून मला घाम फुटला होता. मग एकदा गोव्याला लग्नाला जाताना चोर्ला घाटात गाडी वळणावर आली आणि एकदम डोक्यात पेटलं, की हे वळण म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे, वळण जेवढं तीव्र तेवढं ते वर्तुळ लहान, त्याची त्रिज्या लहान आणि वक्रता जास्त, आणि सरळ रस्त्याला वक्रता शून्य. मी वहीत उजवीकडं फक्त "चोर्लाचं वळण" एवढंच लिहिलं आणि तो फॉर्म्युला मला परत पाठ करावा लागला नाही. अशा वहीला कोण हसलं तर हसू दे, परीक्षेच्या आधी तीच वही मागायला येतात.

आता मार्कांचा हिशेब, हा पहिल्याच आठवड्यात समजून घे, मी दुसऱ्या इंटर्नलनंतर, म्हणजे कॉलेजच्या मधल्या परीक्षेनंतर, समजून घेतला. व्हीटीयूच्या, म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीच्या, २०२२ च्या स्कीममधे, म्हणजे मी ज्या अभ्यासक्रमात शिकले त्यात, प्रत्येक विषयाला कॉलेजचे ५० आणि युनिव्हर्सिटी परीक्षेचे ५०. कॉलेजचे म्हणजे सीआयई, त्यात ५० पैकी किमान २० पाहिजेत, ते नाही झाले तर फायनलला बसताच येत नाही. फायनल पेपर असतो १०० चा, तो ५० वर आणतात, त्यात किमान ३५ टक्के, म्हणजे ५० पैकी १८. आणि दोन्ही मिळून १०० पैकी ४०. हे तिन्ही वेगवेगळं आहे हे लक्षात ठेव, कारण इंटर्नलला २० आणि फायनलला १८ असे दोन्हीकडं काठावर आलीस तर बेरीज ३८ होते आणि तू नापास. माझ्या ओळखीच्या एकाचं असंच झालं. दोन्हीकडं पास म्हणून तो निवांत होता. तुझी स्कीम नवीन असेल तर पहिल्यांदा सिलॅबसच्या पीडीएफची पहिली पानं वाच, सगळे नियम तिथंच असतात.

अटेंडन्स ८५ टक्के लागतो. ८५ टक्के म्हणजे किती ते आकड्यात बघ, ४० तास झाले तर फक्त ६ चुकवता येतात. आपल्या खानापूर भागातला पाऊस तुला माहीत आहे, नाल्याला पाणी आलं की बस येत नाही आणि त्यात तुझा काही दोष नसला तरी रजिस्टरला गैरहजरच लागते. म्हणून ते ६ तास पावसासाठी आणि तापासाठी ठेव. मी गणपतीत सलग चार दिवस घरी राहिले, मग ऑक्टोबरात ताप आला तेव्हा अंगात कणकण घेऊन लॅबला जावं लागलं. गणपतीला पहिला दिवस घरी रहा, मोदक खा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ये.

बसचं सांगते. मुलींना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधे तिकीट नाही, पण कंडक्टरकडून झिरो तिकीट, म्हणजे शून्य रुपयांचं, घ्यायचंच असतं आणि आधार दाखवायचं असतं. गोव्याची कदंब किंवा महाराष्ट्राची लालपरी आली की त्यात हे चालत नाही, गडबडीत चढू नको. पोरांनी पास काढायचा, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो, तो पहिल्या आठवड्यातच करा. मोफत झाल्यापासून सकाळच्या बसला गर्दी लई असते, उभं राहूनच जावं लागतं असं धरून चाल. उभ्यानं पुस्तक वाचता येत नाही, मी करून बघितलं, गणेबैलच्या टोलपर्यंतच डोकं फिरायला लागतं. त्यापेक्षा एका कागदाच्या चिठ्ठीवर पाच फॉर्म्युले लिहून घे आणि इदलहोंड, देसूर, मच्छे, पिरनवाडी असं एकेक गाव येईल तसा एकेक मनात म्हण. हे खरंच चालतं. मला अजून मच्छे आलं की टेलर सिरीज आठवते.

रोज जाऊन येऊन करायचं की रूम घ्यायची याचा विचार सगळेच करतात. माझं मत सांगते, पहिले दोन महिने अप-डाउन कर. लगेच रूम घेतलीस तर पैसे पण जातात आणि घर सुटल्याचं आणि कॉलेज नवीन असल्याचं दोन्ही ओझी एकदम येतात. पण इंटर्नलच्या आठवड्यात आणि फायनलच्या महिन्यात बेळगावातच रहा, अनगोळला मावशी आहे, तिच्याकडं राहायचं म्हणून लाजू नको, ती स्वतः म्हणत होती ये की, एक खोली रिकामीच आहे. मी लाजले आणि पहिल्या इंटर्नलच्या आदल्या रात्री गावात लाईट नव्हती आणि मोबाईलला रेंज नव्हती आणि पीडीएफ डाउनलोड केलेले नव्हते. घरी जायच्या आधी कॉलेजच्या वायफायवर सगळं उतरवून घ्यायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव.

त्या इंटर्नलला मॅथ्समधे २५ पैकी ७ पडले. पेपर हातात आल्यावर मी तो चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला आणि घरी पप्पांनी विचारलं तर म्हटलं अजून दिले नाहीत. तीन आठवडे मी ते खोटं घेऊन फिरले. जेवताना पप्पा समोर बसले की मला घास जायचा नाही. शेवटी एका रविवारी भट्टीवरून आले, हातपाय धुतले, चहा घेत होते तेव्हा मी पेपर पुढं ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला, इंग्लिश त्यांना वाचता येत नाही, आकडा तेवढा कळतो. म्हणाले, पहिली भट्टी लावली होती तेव्हा निम्म्या विटा कच्च्या निघाल्या होत्या, जाळ कुठं कमी पडला ते बघितलं आणि परत लावली. एवढंच बोलून ते उठले. तू हे तीन आठवडे वाया घालवू नको. मार्क कळले त्याच दिवशी घरी सांग. आणि सांगून झालं की पेपर परत उघड आणि कुठल्या मॉड्यूलचा जाळ कमी पडला ते बघ, मला बघितल्यावर कळलं की पहिल्या मॉड्यूलमधेच मी अडकून बसले होते आणि बाकीचं उघडलंच नव्हतं.

म्हणून अभ्यास कुठून सुरू करायचा ते सांगते. माझ्या स्कीममधे कम्प्युटर स्ट्रीमच्या मॅथ्सला पाच मॉड्यूल होते, शेवटचं लिनिअर अल्जिब्रा. सगळे पहिल्यापासून सुरू करतात आणि पाचव्याला पोचेपर्यंत दम संपतो. तू पाचव्यापासून सुरू कर. त्यात रँक काढणं, गॉस एलिमिनेशन, गॉस सायडल, हे सगळं बेरीज वजाबाकी गुणाकार भागाकारावर चालतं, पहिल्या दोन्हीत एक ओळ दुसरीतून वजा करत जायचं, घाई केली नाही तर चुकत नाही. तिथं हात बसला की भीती निम्मी कमी होते, मग चौथं, मग तिसऱ्यातली डिफरन्शियल इक्वेशन्स. फायनल पेपरची रचना पण हेच सांगते, प्रत्येक मॉड्यूलवर २० मार्कांचे दोन प्रश्न आणि त्यातला एक सोडवायचा, असे पाच. पास व्हायला ३५ पाहिजेत, कागदावर दोन मॉड्यूल पुरेसे वाटतात, पण पूर्ण २० कधी पडत नाहीत, एखादी स्टेप राहते, एखादं चिन्ह चुकतं. चार मॉड्यूल नीट तयार ठेव आणि उरलेल्या एकाचं सोपं तेवढं. तीन तासात पाच प्रश्न, म्हणजे एकाला ३६ मिनिटं, ३० मिनिटं झाली की अर्धवट असलं तरी पुढं जा, जागा सोडून ठेव, शेवटी परत ये. कुठलंही मॉड्यूल कोरं सोडू नको. जुने पेपर आणि मॉडेल पेपर शोध, प्रश्नांची पद्धत फिरून फिरून तीच असते, पण नुसतं सोडवलेलं वाचून काही होत नाही, घड्याळ लावून स्वतः लिहायला पाहिजे. मी तीन पेपर असे लिहिले, तिसऱ्याला वेळेत झालं.

सी प्रोग्रॅमिंगला लॅपटॉप नाही म्हणून रडत बसू नको. पप्पांना कर्ज काढून लॅपटॉप घ्यायला सांगू नको, पहिल्या सेमला लागत नाही. आदल्या रात्री प्रोग्रॅम हातानं वहीत लिही आणि एकेक ओळ चालवून बघ, आय ला आता किती किंमत आहे, लूप किती वेळा फिरला, शेजारी तक्ता कर. मग लॅबमधे जाऊन फक्त टाइप करायचं राहतं. ज्यांच्याकडं लॅपटॉप होता ते कॉपी पेस्ट करायचे आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यांना पॉइंटर म्हणजे काय सांगता यायचं नाही. सी मधे मला वर्गात चांगले पडले, ते या वहीमुळंच.

कन्नडबद्दल थोडं जास्त बोलू दे, कारण आपल्याकडच्या पोरांचं इथंच अडतं. एक क्रेडिटचा कन्नडचा विषय असतो, कन्नड येणाऱ्यांना सांस्कृतिक कन्नड आणि न येणाऱ्यांना बळके कन्नड, बळके म्हणजे वापरातलं. त्याची काळजी करू नको, तो निघतो. काळजी ऑफिसच्या खिडकीची आहे. मी पहिल्यांदा फी सवलतीचं विचारायला गेले, पलीकडून कन्नडमधे काहीतरी विचारलं, मला निम्मं कळलं पण मी घाबरून मान हलवली आणि बाहेर आले, आणि नेमकी तीच तारीख चुकली. शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकलीस ना, अक्षरं वाचता येतात ना, मग ती वापर. चार वाक्यं पाठ कर. नंग कन्नड स्वल्प बरतद री, मला कन्नड थोडं येतं. अर्थ आगलिल्ल री, कळलं नाही. इन्नोम्मे हेळ्री, परत एकदा सांगा. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते री विसरू नको, आपल्याकडच्या अहो सारखं ते आहे, त्यानं समोरचा माणूस नरम होतो. माझी सगळ्यात चांगली मैत्रीण बैलहोंगलची आहे, घरात फक्त कन्नड. तिला मी मॅथ्सचं पाचवं मॉड्यूल शिकवलं आणि तिनं मला फिजिक्सचं क्वांटम, निम्मं इंग्लिश, निम्मं कन्नड, थोडं मराठी. भाषेवरून बाहेर जी भांडणं होतात ती आमच्या बेंचवर कधी आली नाहीत. मराठी आपली आहे, ती कन्नड शिकल्यानं कमी होत नाही. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, पहिली भाषा मराठी १२५ मार्कांची दिलीस ती काय कुठं जाणार आहे.

आणि मराठीवरून पण कोण हसेल, ते आधीच सांगून ठेवते. आपल्याकडं मुली पण मी आलो, मी गेलो म्हणतात. पुण्याकडून आलेली एक मुलगी हे ऐकून सगळ्यांसमोर हसली आणि मी महिनाभर तिच्यासमोर बोलताना शब्द तपासत होते. तपासू नको. आज्जी असंच बोलते, आई असंच बोलते. लिहिताना मी गेले लिहिते, बोलताना गेलोच म्हणते, आणि ती मुलगी आता स्वतः लई भारी म्हणते.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे पण पैसा तिथंच आहे. स्कॉलरशिपसाठी एसएसपी, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा, त्याला जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो, दाखले नाडकचेरीतून, म्हणजे गावाकडच्या सरकारी ऑफिसातून, मिळतात. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर मंजूर होऊन पण पैसे येत नाहीत. आपल्या सीमाभागात एक जास्तीची भानगड असते, नाव. रेशन कार्डावर कन्नडमधून, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून आणि आधारवर इंग्लिशमधून आलेलं आडनाव तीन ठिकाणी तीन स्पेलिंगचं असतं. सुट्टीतच सगळे कागद शेजारी शेजारी ठेव आणि एकेक अक्षर जुळवून बघ, मार्क्स कार्डवर आहे तसंच आधारवर करून घे. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे दुरुस्त करायला गेलं तर रांगेतच दिवस जातो आणि वर अटेंडन्स पण.

खाण्याचं. डबा घे. भाकरी आणि शेंगाची चटणी घेतलीस तरी चालेल, कँटीनमधे सगळे काय खातात ते बघून डबा बॅगेतच ठेवायची मी, आणि दुपारच्या लॅबला डोळ्यापुढं अंधारी यायची. पहाटे साडेपाचला उठून आई भाकरी थापते, तो डबा परत घरी न्यायचा नाही.

घरची आठवण रूमवर रात्री येते, आठ ते दहाच्या मधे. तेव्हा फोन करू नको, आवाजावरून आईला कळतं आणि मग ती झोपत नाही. संध्याकाळी चालत चालत कर, तेव्हा बोलणं नीट होतं. आणि फारच जड वाटायला लागलं, दोन आठवडे झाले तरी उठावंसंच वाटेना, जेवण जाईना, तर एकटीनं सहन करू नको, मावशीला सांग, कॉलेजात मेंटर म्हणून एक मॅडम नेमून दिलेल्या असतात त्यांना सांग. मी मॅडमना सांगायला डिसेंबर उजाडला, त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं आणि अर्धा तास ऐकून घेतलं.

निकालाच्या दिवशी यूएसएन, म्हणजे युनिव्हर्सिटीचा सीट नंबर, टाकताना हात थरथरतील. मॅथ्समधे मी काठावर सुटले, बेरीज ४४. सुटली नसतीस तरी काय करायचं ते माहीत असू दे, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, रिव्हॅल्युएशन टाकता येतं, दोन्हीला ठराविक दिवस आणि फी असते, म्हणून निकाल लागला की रडायच्या आधी शेवटची तारीख वहीत लिहून घ्यायची. राहिलेला विषय परत देता येतो.

आणि शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी खानापूरची बस पकडू नको, एक दिवस थांब. पहिल्या वर्षी निम्म्या सेक्शनना आधी फिजिक्स सायकल म्हणजे फिजिक्सच्या बाजूचे विषय असतात आणि निम्म्यांना केमिस्ट्रीच्या, आपलं फिजिक्स सायकल झालं, समोरच्या सेक्शनचं केमिस्ट्री सायकल झालं, आता उलटं होणार, म्हणजे त्यांची पुस्तकं तुला लागणार आणि तुझी त्यांना. त्यांच्या वर्गाबाहेर जाऊन उभी रहा आणि विचार कोणाला अदलाबदल करायची आहे, दोघींचे पण पैसे वाचतात. फिजिक्स दे, सी चं पुस्तक दे, जुने पेपर दे. दोन रकान्यांची वही तेवढी ठेव, तिच्यात अजून साठ-सत्तर पानं कोरी आहेत आणि केमिस्ट्रीत शब्द जास्त आहेत.